पाखरांचा रोजमेळ

कार्तिक शुद्ध पंचमीला आपल्या घरांत दोन नावे आहेत. पेढीवर ती लाभपंचमी. दिवाळीनंतरच्या व्यवहाराचा मुहूर्त त्या दिवशी होतो. श्वेतांबर परंपरेत तीच ज्ञानपंचमी. त्या दिवशी ग्रंथ, वह्या आणि लेखण्या पाटावर मांडून त्यांचे पूजन होते. लाभ आणि ज्ञान यांना एकच तिथी देणाऱ्या समाजाला वहीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. या लेखात एवढीच विनंती करावयाची आहे, की यंदा त्या पाटावर घरातील मुलांसाठी आणखी एक कोरी वही मांडावी आणि ती पाखरांच्या नोंदींसाठी राखून ठेवावी.

विनंती लहान आहे. तिच्यामागचा विचार थोडा विस्ताराने मांडला पाहिजे. जीवदया हा शब्द आपल्या मुलांच्या कानांवर पाळण्यापासून पडतो. चबुतऱ्यावर दाणे टाकावेत, उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे कुंडे भरून ठेवावे, पांजरपोळाला यथाशक्ती द्यावे, हे मुले पाहत पाहतच शिकतात. मात्र त्याच मुलाला, “समोरच्या कडुलिंबावर आज सकाळी कोण कोण येऊन गेले?” असे विचारले, तर कावळा, चिमणी आणि कबुतर यांच्यापलीकडे त्याची यादी सहसा जात नाही. उरलेले सगळे ‘कोणतातरी पक्षी’ या एकाच खात्यात जमा असतात. ज्याचे नाव, खाणे, घर आणि येण्याजाण्याचा काळ आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यावर आपण दया करतो म्हणजे नेमके काय करतो? हा प्रश्न मुलांनी विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारलेला बरा. दयेला ओळखीची जोड नसेल, तर हेतू शुद्ध असूनही हातून अपाय घडू शकतो.

दयेला डोळे हवेत

संक्रांतीच्या दिवसांत आपल्या तरुण मंडळांची पथके मांजाने जखमी झालेले पक्षी गोळा करतात. ही सेवा मोलाची आहे. परंतु आणलेला पक्षी घार आहे, घुबड आहे की पारवा, हे न ओळखता त्याच्या चोचीत घाईने पाणी ओतले, तर ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावू शकतो. घारीला दाणे चालत नाहीत आणि पारव्याला दूध पचत नाही. जखमी पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवून पशुवैद्याकडे नेणे, अथवा वनखात्याच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवणे, हीच बहुधा सर्वांत मोठी मदत ठरते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, मात्र त्यांना वॉर्डात ठेवत नाहीत. तेथील सेवकाचे पहिले कामही पक्षी ओळखणे हेच आहे.

याच संदर्भात एक गोष्ट आपल्या बाजारपेठेलाही विचारण्याजोगी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो लपूनछपून विकला जातो, आणि विकणारा हा व्यापारीच असतो. जखमी पक्ष्यांच्या शिबिराला देणगी देणाऱ्या हाताने आपल्या ओळखीच्या दुकानदाराला दोन शब्द सांगितले, तर शिबिरातील खोकी कमी लागतील.

जीव सोडवण्याच्या प्रथेचेही तसेच आहे. पर्वाच्या दिवशी पारध्याकडून पिंजऱ्यातील पोपट किंवा मुनिया विकत घेऊन त्या उडवून द्याव्यात, ही भावना जुनी आणि हळवी आहे. पण आपण व्यापारी माणसे. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपण पिंजरा विकत घेतो, तेव्हा पुढच्या पर्वासाठी दुसऱ्या जाळ्याची किंमत चुकवत असतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. ज्या मुलाने मुनियांचा थवा गवताच्या तुऱ्यांवर झुलताना एकदा पाहिला आहे, त्याला पिंजऱ्याजवळ नेले तर तो पैसे काढण्याऐवजी पक्षी पकडणाऱ्याची तक्रार कोठे करायची ते विचारील.

2025 मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि आपल्या घराघरांत त्यावर तावातावाने बोलले गेले. त्या वादाचा निवाडा करणे हे या सदराचे काम नव्हे. पण मुलांना काही गोष्टी सांगता येतात. कबुतर हा मूळचा कडेकपारींत राहणारा पक्षी. उंच इमारतींच्या सज्जांत त्याला कडे सापडले, दाण्यांच्या राशींमुळे शोधाशोध न करता अन्न मिळाले, आणि त्याची संख्या वाढत गेली. त्याच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांच्या फुफ्फुसांना गंभीर विकार जडतो, ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली गोष्ट आहे. आणि आपल्या मुठीतील ज्वारीचा ज्यांना काहीच उपयोग नाही, असे कितीतरी पक्षी त्याच गल्लीत राहतात. शिंजीर फुलांतील मध शोषतो, शिंपी पानांवरचे किडे टिपतो, तांबट फळांवर जगतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा कबुतराच्याच कुळातला. पण हिरव्यापिवळ्या रंगाचा हा देखणा पक्षी वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर राहतो. त्याच्यासाठी दया करावयाची, तर रस्त्याच्या कडेचा एक जुना उंबर तोडू न देणे हीच ती दया.

उंबराचा उल्लेख झालाच, तर आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य दाखवावी. श्रावकाच्या मूलगुणांत वड, पिंपळ, उंबर इत्यादी पाच उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे. कारण त्या फळांत सूक्ष्म त्रस जीव असतात. आज वनस्पतिशास्त्र सांगते, की उंबराची फुले फळाच्या पोटातच असतात आणि एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते, तेथेच अंडी घालते. ज्यांनी हा नियम घातला त्यांनी फळ फोडून, निरखून पाहिले होते. आपल्या अहिंसेचा पाया निरीक्षणावर रचलेला आहे, हे मुलाला उंबराखाली उभे करून जेवढे समजेल तेवढे व्याख्यानाने समजणार नाही.

खीचनची ज्वारी

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मूळ गावे मारवाडात आहेत. सुटीत मुले आजोळी किंवा कुलदेवीच्या दर्शनाला तिकडे जातात. त्यांनी हिवाळ्यात एकदा फलोदीजवळच्या खीचनला आवर्जून जावे. या गावात 1970 च्या दशकापासून जैन कुटुंबांनी पाखरांना दाणे घालण्याचा नेम चालवला. दाणे होते कबुतरांसाठी. त्यांच्याबरोबर काही कुरजां येऊ लागल्या. कुरजां म्हणजे आपल्याकडे ज्याला कांड्या करकोचा म्हणतात तो पक्षी. राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. मंगोलिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांतून येणारा हा पाहुणा हिमालय ओलांडून राजस्थानात उतरतो. दरवर्षी पक्षी वाढत गेले, चुग्गाघर उभे राहिले, परगावी व्यापाराला गेलेल्या कुटुंबांनी धान्यासाठी पैसे पाठवले. आज तेथे हिवाळ्यात हजारो कुरजां उतरतात. जून 2025 मध्ये खीचनचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला.

ही कथा अभिमानाची आहे. पण ती ज्वारीपाशी संपत नाही. गावाभोवतीच्या वीजवाहक तारांना धडकून कुरजां मरू लागल्या. तेव्हा आणखी पोती आणून भागणारे नव्हते. कोणीतरी रोज पहाटे हिंडून मेलेले आणि जखमी पक्षी मोजावे लागले, कोणत्या तारेखाली किती सापडले ते लिहावे लागले, आणि त्या नोंदी हातात घेऊन तारांचा प्रश्न लावून धरावा लागला. दाता आणि नोंद ठेवणारा, दोघेही लागतात. आपल्या समाजात पहिल्याची परंपरा भक्कम आहे. दुसरा तयार करणे हे या पिढीचे काम आहे, आणि तो दहाबारा वर्षांच्या वयातच तयार होऊ लागतो.

“मला ठाऊक नाही, चल विचारू”

मुलांना पक्षी दाखवावेत असे वाटते, परंतु आम्हालाच त्यातले काही कळत नाही, असे पुष्कळ पालक म्हणतात. त्यांनी डॉ. सालिम अली यांच्या बालपणाकडे पाहावे. 12 नोव्हेंबर 1896 रोजी जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना पारखा झाला आणि मुंबईत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. खेळण्यातल्या छर्ऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. आपल्या घरांत हे वाचताना मन चुकचुकेल. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, असे मुलाने मामांना विचारले. मामांना उत्तर येत नव्हते. त्यांनी मुलाला गप्प केले नाही, थाप मारली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. 1883 मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत मिलार्ड यांनी त्या अनोळखी पोराला पक्षी ओळखून दिला, संग्रहाचे एकेक कपाट उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे हाच मुलगा घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेला, तो व्यवसाय बुडाला, नोकरीही टिकली नाही; पण पक्ष्यांची ओढ टिकली आणि देशाला त्याचा सर्वांत थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला.

नोकरी नसलेल्या त्याच काळात, 1930 च्या पावसाळ्यात, अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या खोप्यांचे निरीक्षण केले. आपल्या भाषेत पक्ष्याचे नाव सुगरण, म्हणून खोपा मादीच विणते असे सर्व जण धरून चालतात. प्रत्यक्षात विणकर नर असतो. तो अर्धा खोपा लटकवून मादीला बोलावतो, ती आत शिरून पारखून पाहते, पसंत पडला तरच संसार थाटते. आणि ती अंड्यांवर बसली, की हे महाशय दुसरा खोपा विणायला घेतात. हे समजायला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. एकाच झाडासमोर, दिवसामागून दिवस, वही घेऊन बसणे लागले.

दुसरे उदाहरण आपल्या मराठीतलेच. मारुती चितमपल्ली यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 रोजी सोलापुरात झाला. वनखात्याच्या सेवेत अरण्य पाहता पाहता त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून, कोळ्यांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी टिपून ठेवल्या. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे देखणे शब्द त्यांनी मराठीला दिले. ‘पक्षिकोश’ त्यांनीच सिद्ध केला. 2025 मध्ये पद्मश्रीने सन्मानित झाल्यावर, त्याच वर्षी जून महिन्यात, त्यांनी जगाचा निरोप घेतला. चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबर; यांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. 

नोंद कशी ठेवावी

पक्ष्यांची वही ठेवण्याची रीत आपल्या मुलांना परकी वाटणार नाही. तिचे दोन भाग करावेत. पहिला भाग रोजकीर्दीचा. तारीख, वेळ, जागा, आभाळ कसे होते, कोणता पक्षी, किती, आणि काय करीत होता. दुसरा भाग खतावणीचा. प्रत्येक पक्ष्याला एक पान. कीर्दीतील नोंद रविवारी त्याच्या खात्यावर चढवावी. काही महिन्यांत खाती बोलू लागतात. समजा, गच्चीवर शेपटी वरखाली हलवीत तुरुतुरु चालणारा धोबी 10 ऑक्टोबरला प्रथम दिसला. तो हिमालयापलीकडून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. मग पुढच्या वर्षी तो कधी आला, त्याच्या पुढच्या वर्षी कधी, हे एका पानावर एकाखाली एक दिसते. तीन वर्षांनी त्या पानावर जे असेल, ते कोणत्याही छापील पुस्तकात नसेल. कारण ती त्या गच्चीची हकीकत आहे.

कीर्दीचा पहिला नियम येथेही तोच, की जे झाले नाही ते लिहायचे नाही. दुसऱ्याने पाहिलेला पक्षी आपल्या खात्यात घेऊ नये. खात्री नसेल तर नावाची जागा कोरी सोडावी आणि वर्णन लिहावे. आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. चोच आखूड की लांब, सरळ की बाकदार. शेपटी वर उचललेली की खाली. पायांनी चालतो की उड्या मारतो. कोरी जागा लाजेची नव्हे. ती येणे बाकी आहे, कधीतरी वसूल होईल.

साधनांच्या बाबतीत घाई करू नये. पहिले तीन महिने डोळे, कान आणि वही पुरेत. गोडी टिकली तर दुर्बीण घ्यावी. 8×40 किंवा 8×42 या मापाची मुलांच्या हाताला बरी पडते. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो, दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कॅमेऱ्याचा हट्ट मात्र थोडा लांबवावा. छायाचित्र मिळाले की पाहणे संपले, असे लहान वयात फार लवकर वाटू लागते. मोबाइलचा उपयोग नोंदीसाठी जरूर करावा. ‘ईबर्ड’ या व्यासपीठावर पक्ष्यांच्या याद्या नोंदवता येतात. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते आणि तीत भाग घ्यायला एका जागी किमान 15 मिनिटे पक्षी मोजून यादी नोंदवणे एवढेच पुरते. अशाच सामान्य माणसांच्या नोंदींतून देशाचा ताळेबंद निघतो. 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालासाठी 30,000 हून अधिक निरीक्षकांच्या 3 कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या आणि 942 जातींचा आढावा घेता आला. ज्या 338 जातींचा दीर्घकाळचा कल ठरवता आला, त्यांपैकी 60 टक्के जाती घटत चालल्याचे त्यातून कळले. हा तोटा नोंदींशिवाय कोणाच्या ध्यानातही आला नसता.

काही मर्यादा पहिल्या दिवसापासून सांगाव्यात. घरट्याजवळ जाऊ नये, फांद्या वाकवू नयेत, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आपला प्रतिस्पर्धी आला असे समजून तो खरा पक्षी कामधाम सोडून सैरभैर होतो. जमिनीवर पंख फडफडवणारे पिल्लू दिसले, की ते उचलून घरी आणू नये. पुष्कळदा ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्या फांदीवरून लक्ष ठेवून असतात.

अवघड प्रश्न

मूल खरोखर पाहू लागले, की एक दिवस ते असा प्रश्न घेऊन येईल ज्याची आपल्या घरांत थोडी धास्तीच असते. कोतवालाने हवेतल्या हवेत पतंग पकडला, खंड्याने मासा फांदीवर आपटला, खाटीक नावाच्या पक्ष्याने टोळ बाभळीच्या काट्याला टोचून ठेवला. “आजोबा, याला पाप लागते का?” चिमणीसारख्या दाणे खाणाऱ्या पक्ष्याबद्दलही हा प्रश्न येईल, कारण चिमणी आपल्या पिल्लांना सुरुवातीला मऊ अळ्या आणि किडेच भरवते. नुसत्या दाण्यांवर तिचे पिल्लू वाढत नाही.

अशा वेळी विषय बदलू नये आणि मुलाला पक्ष्याचा तिटकाराही शिकवू नये. सांगावे, की पक्ष्याची चोच, पंजा आणि पोट ज्या आहारासाठी घडले आहे, तो आहार त्याने दुकानातून निवडून आणलेला नाही. माणसापुढे मात्र निवड आहे, म्हणूनच व्रत आहे. खंड्या मासा खातो हे पाहून आपला नियम ढिला होत नाही. उलट, आपल्याला केवढी मोठी मोकळीक मिळाली आहे आणि तिचे आपण काय करतो, याची जाणीव होते. याहून खोल शास्त्रार्थ मुलाने साधू-साध्वींना विचारावा. मुलांच्या प्रामाणिक प्रश्नाने त्यांना आनंदच होतो. आपण एवढेच पाहावे, की मुलाने जे डोळ्यांनी पाहिले ते खोटे ठरवले जाणार नाही. सुरुवातीलाच आपण निसर्गाचे गोड, रंगवलेले चित्र हाती दिले, तर पहिल्याच खाटकापाशी मूल गोंधळेल आणि आपल्या इतर शिकवणुकीविषयीही शंका घेऊ लागेल.

आपल्याच वखारींतले एक उदाहरण द्यावे. पांढऱ्या, बदामासारख्या चेहऱ्याच्या घुबडाला मराठीत गव्हाणी घुबड म्हणतात. धान्याची कोठारे, जुने वाडे, मंदिरांची शिखरे ही त्याची राहण्याची ठिकाणे आणि उंदीर हे त्याचे मुख्य अन्न. लक्ष्मीचे वाहन म्हणून त्याचे चित्र पुजायचे आणि वखारीत दिसले की अपशकुन म्हणून हाकलायचे, ही विसंगती मुले अचूक पकडतात. त्यांना त्याचे उत्तर द्यावे लागेल, आणि ते घुबडाला राहू देण्यातूनच दिलेले चांगले.

‘याने पोट भरते का?’

घरातील वडीलधाऱ्यांचा हा प्रश्न कठोर वाटला, तरी रास्त आहे. पक्षी पाहणाऱ्या शंभर मुलांतील एखादेच पक्षिशास्त्रज्ञ होईल. इतर दुकानात, कारखान्यात, कचेरीत जातील, आणि जावेत. पण जो मुलगा पहाटे उठून अर्धा तास न बोलता एका झाडाकडे पाहू शकतो, सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतील बारीक भेद टिपतो, न पाहिलेले लिहीत नाही आणि चुकीची नोंद आढळली तर स्वतः खोडून दुरुस्त करतो, त्याला पेढीवर काय शिकवायचे उरते? त्यातही मुलींना या छंदात मागे ठेवू नये. गच्ची, अंगण, सोसायटीची बाग येथूनही उत्तम नोंदी होतात, आणि सोबतीला मोठे माणूस असले तर तळ्याकाठीही जाता येते. सोबत हीच या छंदाची खरी किंमत आहे. ती पैशांत देता येत नाही, म्हणून आपल्याला ती महाग वाटते.

येत्या पौर्णिमेनंतर

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. 2025 मध्ये तो संपला त्याच दिवशी, 5 नोव्हेंबरला, पक्षी सप्ताह सुरू झाला. चार महिने एका ठिकाणी राहिलेले साधू-साध्वी विहाराला निघतील. आपली मुले विहारसेवेसाठी त्यांच्याबरोबर काही अंतर चालतील. पहाटेचा रस्ता, मंद पावले, मोजके बोलणे, पायाखाली जीव येऊ नये म्हणून जमिनीवर खिळलेली दृष्टी; ईर्यासमितीचे हे चालणे पाहणे ज्याला जमले, त्याला पक्षिनिरीक्षणाचा अर्धा धडा मिळाला. परतीच्या वाटेवर तारांवर बसलेले वेडे राघू, नांगरटीत टिटवी, पाटाच्या कडेला वंचक, सहज दिसतील. दिगंबर मुनींची पिच्छी चातुर्मासानंतर बदलली जाते. मोर पावसाळ्याच्या अखेरीस आपला पिसारा आपणहून गाळतो, आणि पिच्छीत अशीच गळलेली पिसे असतात, हेही त्या वेळी मुलांना सांगावे.

आणि पक्षी सप्ताहातला रविवार पाण्यासाठी ठेवावा. नाशिककरांना गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूर मधमेश्वर जवळ आहे, पुणे-सोलापूरकरांना उजनीचे भिगवण, संभाजीनगर-पैठणच्या मंडळींना जायकवाडी. ज्यांना यांपैकी काहीच जवळ नाही, त्यांच्या गावाला तळे असेलच. थंडी पडू लागली, की मोठ्या जलाशयांवर लडाख आणि तिबेटकडून चक्रवाक उतरू लागतात. नारिंगी-बदामी अंगाचे, फिकट डोक्याचे हे बदक बहुधा जोडीने दिसते. सुमतिनाथ भगवानांचे लांछन दिगंबर परंपरेत चकवा सांगितले आहे, श्वेतांबर परंपरेत क्रौंच. क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तो प्रश्न मुलांसाठी मोकळा सोडावा. चकवा मात्र दुर्बिणीतून दाखवता येतो. देरासरात आणि मंदिरात पिढ्यानपिढ्या ज्याच्या आकृतीपुढे हात जोडले, तो पाण्यावर जिवंत तरंगताना पाहिला, की मुलाला काही समजावून सांगण्याची गरज पडत नाही. त्याने वही उघडावी, तारीख घालावी, किती होते ते मोजावे. आपण शेजारी शांत उभे राहावे, आणि दुर्बीण आपल्याकडे येण्याची वाट पाहावी.